वादळातून विसाव्याकडे : पंडिता रमाबाईंना खरी शांती कशी मिळाली?

प्रियांनो, तुम्हांपैकी पुष्कळांनी चेन्नईहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीने प्रवास केला असेल. गाडी चेन्नई सोडते, तिरुपतीजवळच्या रेणिगुंट्यावरून जाते, मग रायचूर, सोलापूर, दौंड करीत पुण्याकडे येते. दौंड आणि पुणे यांच्यामध्ये केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. बहुतेक मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. डोळा लागला असेल तर ते कधी मागे पडले हे कळतही नाही.

या एकाच लोहमार्गाच्या आसपास एका स्त्रीच्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख आणि सर्वांत मोठी शांती, दोन्ही घडली. तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात तिने उपासमार सोसली, रायचूरला आईला खांदा दिला आणि केडगावात हजारो अनाथ मुलींची आई होऊन शेवटचा श्वास घेतला. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. आज त्यांच्या जीवनाकडे पाहताना एक प्रश्न मनात ठेवा : माझे मन खरोखर स्थिर झाले आहे का?

दुष्काळातले घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये अशी रूढी असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ते शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ते रमेला शिकवले. घरची सुबत्ता गेल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आज ज्या शहराला आपण चेन्नई म्हणतो, ते त्या इलाख्याची राजधानी होते. पुराण ऐकणाऱ्यांनाच खायला नव्हते, मग सांगणाऱ्यांना कोण देणार? या कुटुंबाने देवदर्शने केली, व्रते केली, दानधर्म केला. दागिने गेले, भांडीकुंडी गेली. शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा ती माणसे जंगलात शिरली आणि कित्येक दिवस पाणी, पाला व रानफळे यांवर राहिली. वृद्ध, अंध झालेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मोठा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मोलमजुरी करीन, असे त्याने सांगितले आणि ती वेळ टळली.

पण वडील वाचले नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेतले. मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच आहेस आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे त्यांनी तिला सांगितले. हे शब्द रमाबाई कधीच विसरल्या नाहीत. तो देव कोण, हे मात्र त्यांना पुष्कळ वर्षांनी कळायचे होते.

थोड्याच काळात रायचूरला आई गेली. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे जण आले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी पडत होती, म्हणून तिरडीचा आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला. त्या वेळी ती अवघी सोळा वर्षांच्या आसपासची होती. पाठोपाठ थोरली बहीणही पटकीने दगावली.

भटकंती आणि कीर्ती

आता बहीण-भाऊ दोघेच उरले. दोघांनी दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत पायी भटकंती केली. उत्तरेच्या थंडीत अंगावर पांघरूण नसे, म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे करून ते त्यात बसत आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेत. इतके करूनही देव भेटला नाही, मनाला समाधान आले नाही.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. देशभर नाव झाले. पण १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचाही मृत्यू झाला. चोविसाव्या वर्षाच्या आत या स्त्रीने आईवडील, बहीण, भाऊ आणि पती एवढी सगळी माणसे गमावली होती.

सिल्चरच्या त्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतले लूककृत शुभवर्तमान सापडले होते. त्यांनी ते आवडीने वाचले. बी पडले होते, अंकुर फुटायला वेळ लागणार होता.

बाप्तिस्मा झाला, पण...

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये लहान मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपले एक सेवाकार्य दाखवले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळले जाई. रमाबाईंनी असे कोठेच पाहिले नव्हते. या दयेचे मूळ कोठे आहे, असे विचारल्यावर त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पतित स्त्रीला न झिडकारणारा, तिच्याशी विहिरीवर बसून बोलणारा ख्रिस्त त्यांच्या मनाला भिडला. शंकांची उत्तरे शोधताना फादर नेहेम्या गोऱ्हे या मराठी विद्वानाच्या लिखाणाचाही त्यांना उपयोग झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याला वाटते, येथे गोष्ट संपली. प्रियांनो, येथे ती संपली नाही.

यानंतरची आठ वर्षे रमाबाईंनी किती कामे केली पाहा. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकल्या आणि शिकवले. वैद्यक शिकण्याची इच्छा होती, पण ऐकू येणे कमी होत गेल्याने ती सोडावी लागली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, निधी उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले.

पण आतून त्या अस्वस्थ होत्या. इंग्लंड-अमेरिकेत त्यांना ख्रिस्ती लोकांचे कितीतरी पंथ भेटले. प्रत्येकाची शिकवण वेगळी, प्रत्येक जण आपलेच बरोबर म्हणणारा. त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्यांच्या मनात प्रश्न होते आणि आश्रमातल्या भगिनींशी त्यांचे पत्रांतून वाद होत. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांचा कबुलीजबाब आहे.

देशभर ज्यांचे नाव होते त्या बाईंनी हे लिहावे, यासाठी केवढी नम्रता लागते! आपण दर रविवारी मंदिरात जातो, गीते गातो, दशमांश देतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मन थाऱ्यावर नसते आणि हे कोणाजवळ बोलण्याची हिंमत होत नाही. रमाबाईंनी ते बोलून दाखवले.

एक पुस्तक आणि एक निर्णय

साधारण १८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकांचे आत्मचरित्र आले. हे पाळक कित्येक वर्षे उपदेश करीत होते, पण स्वतः त्यांचे परिवर्तन झाले नव्हते. एके दिवशी आपल्याच उपदेशाने त्यांचे डोळे उघडले. ते वाचताना रमाबाईंना जणू आपलीच गोष्ट दिसली.

त्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा लक्षपूर्वक वाचायला घेतले. तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आजवर आपण बाप्तिस्म्यावर, मंडळीच्या नियमांवर, स्वतःच्या बुद्धीवर आणि चांगल्या कामांवर टेकून होतो. जंगलात उपाशी असताना दानधर्माने देवाला प्रसन्न करू पाहणारी रमा आणि इंग्लंडहून परतलेली पंडिता, दोघी एकच चूक करीत होत्या. स्वतःच्या पुण्याईने वर चढण्याचा तो प्रयत्न होता.

मग त्यांनी सर्व टेकू सोडले. आपण पापी आहोत हे देवाजवळ कबूल केले आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर जे पूर्ण केले त्यावरच विसावल्या. क्षमा पुढे कधीतरी, पुरेसे पवित्र झाल्यावर मिळेल असे नसून आज, आता मिळाली आहे, हे त्यांनी विश्वासाने स्वीकारले. वडिलांनी मरताना ज्या देवाच्या हाती आपल्याला सोपवले, तो हाच, हे त्यांना उमगले.

शांतीची परीक्षा

आता संकटे थांबली का? नाही. उलट वाढली. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात मोठा गदारोळ उठला. रमाबाई आपल्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवीत आणि मुलींना येऊन बसण्याची मुभा असे. यामुळे मुली ख्रिस्ती होतील, या भीतीने अनेक पालकांनी त्यांना काढून नेले आणि सल्लागार मंडळातील नामांकित पुढाऱ्यांनी राजीनामे दिले. वर्तमानपत्रांतून टीका होत राहिली. रमाबाईंनी दार बंद केले नाही, टीका करणाऱ्यांचा द्वेषही केला नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना त्यांना आपले जंगलातले दिवस आठवले. तसल्याच उपाशी, निराधार मुली रस्त्यांवर फिरत होत्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावला शेतजमीन घेतलेली होती, तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंधांसाठी बर्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन अशी घरे झाली. शेती, विणकाम, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच करीत. रोजच्या गरजांसाठी रमाबाई देवाकडे मागत. १९०५ मध्ये याच केडगावात प्रार्थनेतून मोठे उद्दीपन झाले.

शेवटची वर्षे त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी इब्री आणि ग्रीक भाषा शिकल्या. खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच मुली होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सर्व काम सोपवायचे, तीच आधी गेली. कान जवळजवळ निकामी, शरीर थकलेले, तरी रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या.

आपल्यासाठी

प्रियांनो, रमाबाईंच्या जीवनातले दुःख १८९१ नंतरही संपले नाही. बदलला तो पाया. वाळूच्या खड्ड्यात ऊब शोधणारी मुलगी आता खडकावर उभी होती. म्हणून लेक गेली तरी त्या ढळल्या नाहीत.

तुम्ही कदाचित नोकरीसाठी घरापासून दूर, चेन्नईसारख्या शहरात राहत असाल. भाषा परकी, मंडळी नवी, आणि मनात काळजी. किंवा तुम्ही पुष्कळ वर्षे सेवेत असाल आणि आतून कोरडे पडला असाल. स्वतःला विचारा : मी कशावर टेकलो आहे? कामावर, नावावर, मंडळीतल्या जागेवर, की प्रभूवर? रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय आज शांतपणे वाचा. आठ वर्षांनंतरही रमाबाईंना उशीर झाला नव्हता. तुम्हालाही झालेला नाही.

प्रार्थना : हे प्रभू, मी तुझे नाव घेतले, पण कितीदा स्वतःवरच विसंबून राहिलो. माझे सर्व टेकू मी आज खाली ठेवतो. माझ्या पापांची क्षमा कर. तुझ्या वधस्तंभावर माझे मन स्थिर कर आणि मिळालेली शांती इतरांच्या दारापर्यंत नेण्यास मला बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.