छोट्या मोटारींना नांगी देणारा कारागीर

मिलानजवळचे मोंझा हे शर्यतीचे मैदान. साल १९६५, महिना ऑक्टोबरचा. एका चालकाच्या, अगदी अरुंद मोटारीत एक उंचापुरा प्रौढ माणूस कसाबसा शिरून बसला. त्याचा ५७ वा वाढदिवस अवघ्या महिन्याभरावर आला होता. या मोटारीत मावता यावे म्हणून त्याने मुख्यतः सफरचंदांवर राहून तब्बल ३० किलो वजन उतरवले होते. हजार सीसीच्या आतबाहेरचे आणि १०५ अश्वशक्तीचे इंजिन असलेल्या त्या मोटारीने थांबलेल्या स्थितीतून झेप घेतली आणि त्याच्या कंपनीच्या खात्यावर शंभरावा विक्रम जमा झाला. तो माणूस म्हणजे कार्लो अबार्थ. सामान्य माणसाच्या स्वस्त, चिमुकल्या मोटारीला वेगाची आणि वळणाची प्रतिष्ठा मिळवून देणारा कारागीर!

अबार्थचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्याचे मूळ नाव कार्ल. ऐन तारुण्यात त्याला मोटारसायकलींनी झपाटले. तो त्या नुसत्या चालवीत नसे, त्यांचे सांगाडेही स्वतः घडवीत असे. एका अपघातानंतर त्याने एकट्याची मोटारसायकल सोडून साइडकारची शर्यत जवळ केली. १९३४ साली बेल्जियममधील ओस्टेंड ते व्हिएन्ना या लांब पल्ल्यावर त्याने चक्क ओरिएंट एक्स्प्रेस या विख्यात रेल्वेगाडीशी पैज लावली आणि ती जिंकली. त्यानंतर काही वर्षांतच झालेल्या भीषण अपघाताने मात्र त्याची शर्यतीची कारकीर्द संपली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्याने युगोस्लाव्हियात काढला आणि युद्ध संपताच तो इटलीत आला. कार्लचा कार्लो झाला तो येथेच.

पोर्शे कुटुंबाशी असलेल्या परिचयामुळे त्याला सिसितालिया या इटालियन कंपनीच्या शर्यत विभागात काम मिळाले. परंतु महत्त्वाकांक्षी ग्रां प्री मोटारीच्या खर्चाने ती कंपनी बुडाली. थकलेल्या देण्यापोटी अबार्थच्या हाती पडल्या काही शर्यतीच्या मोटारी आणि सुटे भाग. एवढ्या भांडवलावर ३१ मार्च १९४९ रोजी त्याने स्वतःची कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचवाचे! पुढच्याच वर्षी वयाने थकलेल्या ताझियो नुव्होलारी या महान चालकाने सिसिलीतील मोंते पेलेग्रिनोच्या घाटात अबार्थच्या मोटारीतून आपल्या गटात विजय मिळवला. नुव्होलारीच्या आयुष्यातील ती अखेरची शर्यत ठरली.

पण केवळ शर्यतींवर पोट भरत नाही, हे अबार्थ जाणून होता. त्याने हात घातला तो सायलेन्सरला. मोटारीचा हा दुर्लक्षित भाग त्याने नव्याने बेतला. जळलेला वायू कमी अडथळ्याने बाहेर पडला की इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो, हे त्यामागचे साधे सूत्र. गर्द काळ्या रंगाचा हा सायलेन्सर बसवण्याची ऐपत कारकुनाला आणि कारागिरालाही होती. शिवाय त्याचा भारदस्त आवाज ऐकून शेजारीपाजारी वळून पाहत, ते वेगळेच! १९६२ साली कंपनीने सुमारे २ लाख ५७ हजार सायलेन्सर तयार केले आणि त्यांतील बहुसंख्य परदेशी गेले. शर्यतींचा खर्च भागला तो या नळकांड्यांवर.

१९५५ साली फियाटने ६०० ही छोटी मोटार बाजारात आणली, तर १९५७ मध्ये त्याहून चिमुकली ५००. दोन्हींची इंजिने पाठीमागे बसवलेली. ५०० तर अवघी १३ अश्वशक्तीची. सुरुवातीला तिला गिऱ्हाईकही बेताचेच लाभले. अबार्थने तिच्या इंजिनावर हात फिरवला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये ती मोंझाच्या धावपट्टीवर सोडली. आळीपाळीने चालक बदलत ती मोटार सात दिवस आणि सात रात्री धावत राहिली. १६८ तासांत १८ हजार १८६ किलोमीटर अंतर ताशी १०८ किलोमीटरच्या सरासरीने कापले गेले. ज्या मोटारीला लोक खेळणे समजत होते, तिच्या दणकटपणाचा याहून मोठा पुरावा कोणता? त्यानंतर फियाटने अबार्थशी करार केला. प्रत्येक विजयाला आणि विक्रमाला ठरावीक बक्षीस मिळू लागले.

मोटारीची ताकद वाढवणे हे काम अर्धेच असते. ती ताकद रस्त्यावर नीट उतरवणे, हा खरा कस. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेली मोटार वळणावर लहरी होते. भरवेगात वळताना चालकाने दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की भार पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड सैल होते आणि जड शेपूट बाहेरच्या बाजूला फेकले जाते. म्हणूनच अबार्थच्या शर्यतीच्या मोटारी जमिनीलगत बसवलेल्या असत. उंची कमी केल्याने गुरुत्वमध्य खाली येई, कडक स्प्रिंगांमुळे मोटार वळणावर कमी कलंडे, तर रुंद चाके आणि त्यांच्यामधील वाढवलेले अंतर यांमुळे तिचे पाय रस्त्यावर पसरून रोवले जात. ६०० वरून घडवलेल्या ८५० टीसी या मोटारीला पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक दिले गेले. वेग वाढवणाऱ्याने थांबण्याचीही सोय करावी, हा धडा त्यात होता. तिचे मागचे झाकण तर कायम उघडे टेकवलेले असे, म्हणजे तापलेल्या इंजिनाला वारा लागे. पुढे तीच त्याच्या मोटारींची ओळख बनली.

१९६३ साली आलेल्या ५९५ ने ५०० च्या इंजिनाची ताकद २७ अश्वशक्तीवर नेली आणि ताशी १२० किलोमीटरचा वेग गाठला. त्यानंतरच्या ६९५ एसएसने ३८ अश्वशक्ती आणि १४० किलोमीटरचा पल्ला गाठला. ज्यांना तयार मोटार परवडत नसे, त्यांच्यासाठी पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर असे सारे साहित्य लाकडी खोक्यात भरून विकले जाई. गल्लीतला मेकॅनिक ते बसवून देई. आठवडाभर कामावर नेणारी मोटार रविवारी घाटातल्या शर्यतीत उतरे. वेग ही धनिकांची मिरास आहे, हा समज अबार्थने असा खोक्याखोक्याने मोडून काढला.

मात्र विजयाचे हे गणित दुधारी होते. बक्षिसासाठी जिंकणे भाग आणि जिंकण्यासाठी खर्च करणे भाग. शर्यतींचे नियम बदलत गेले, नव्या मोटारींवरील खर्च फुगत गेला. अखेर १९७१ मध्ये अबार्थने आपली कंपनी फियाटच्या हवाली केली. शर्यतीच्या स्पोर्ट्स मोटारींचा विभाग एन्झो ओसेला यांच्याकडे गेला. ज्या कंपनीच्या मोटारींना त्याने नाव मिळवून दिले, तिच्याच पोटात त्याचे नाव सामावले गेले. पुढे अबार्थ आपल्या जन्मगावी, व्हिएन्नाला परतला. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, तेथेच त्याचे निधन झाले.

या विंचवाचा महाराष्ट्राशीही एक धागा जुळला. २०१५ साली पुण्याजवळच्या रांजणगाव येथील कारखान्यात तयार झालेली अबार्थ पुंटो भारतीय बाजारात आली. १४५ अश्वशक्तीचे इंजिन, नेहमीच्या पुंटोपेक्षा कमी उंची, कडक सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, असा तिचा थाट होता. काही वर्षांत तिचे उत्पादन थांबले, तरी शौकिनांनी ती जपून ठेवली.

आपल्याकडेही छोट्या मोटारींना रुंद टायर, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि कर्कश सायलेन्सर लावण्याची हौस कमी नाही. तसे करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे लागते. मोटारीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास ते मज्जाव करते. अबार्थच्या कामाकडे पाहिले तर या बंधनामागचे शहाणपणही उमगते. त्याच्या मोटारीत ताकद, पकड आणि ब्रेक ही तिन्ही एकमेकांना बांधलेली होती. यांतले एकच वाढवणारा माणूस मोटार सुधारत नाही, तिचा तोल बिघडवतो. विंचवाची नांगी सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. पण तो रस्त्याला चिकटून चालतो तो आपल्या आठ पायांवर, हे अबार्थ कधी विसरला नाही.