तारणारी भिंत

स्मरणिकेत बहुतेक जण शाळेच्या आठवणी लिहितील. मी मात्र एका जपानी प्राध्यापकांबद्दल लिहिते आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपण सातवीत होतो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. भिंत माणसाला मारते, एवढंच तेव्हा मनात बसलं. ती तारूही शकते, हे पुढे इंजिनिअरिंगला असताना ताचू नाइतो यांच्याविषयी वाचलं तेव्हा कळलं.

नाइतोंचा जन्म १८८६ चा, यामानाशी प्रांतातला. टोकियोच्या विद्यापीठात ते जहाजबांधणी शिकायला गेले आणि इमारतींच्या शास्त्राकडे वळले. तिथे त्यांना रिकी सानो हे गुरू लाभले. भूकंपात इमारतीला आडवा धक्का बसतो. तो इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा मानून हिशोब करायचा, ही पद्धत सानोंनी घालून दिली. त्यांनी दिलेली १४ सेंटिमीटरची छोटी स्लाइड रूल नाइतोंनी जन्मभर वापरली. कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

पुढे ते वासेदा विद्यापीठात प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अभ्यासासाठी अमेरिकेला गेले. असं सांगतात, की जास्त सामान मावावं म्हणून त्यांनी ट्रंकेतल्या आतल्या फळ्या काढून टाकल्या आणि प्रवासाच्या आदळआपटीत ट्रंक मोडली. फळ्या होत्या तोवर तीच ट्रंक शाबूत राहिली होती. इमारतीचंही तसंच असणार, हे त्यांनी ताडलं.

पण नुसत्या विचारावर ते थांबले नाहीत. कॉलम-बीमच्या सांगाड्यात सळयांनी बांधलेल्या काँक्रीटच्या भिंती घालायच्या; त्या दोन्ही बाजूंना सारख्या आणि वरपासून खालपर्यंत सलग ठेवायच्या; इमारतीचा जो भाग जास्त ताठ, त्याच्या वाट्याला धक्क्याचा जास्त हिस्सा धरायचा, अशी रीतसर पद्धत त्यांनी बसवली. याच रीतीने टोकियोत जपान इंडस्ट्रियल बँकेची सात मजली इमारत १९२३ मध्ये पूर्ण झाली.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना, कांतो भागात महाभूकंप झाला. त्यात आणि मागोमाग लागलेल्या आगींत लाखाहून अधिक माणसं गेली. अमेरिकी पद्धतीने बांधलेल्या मोठ्या इमारतींनाही तडे गेले. नाइतोंची बँक मात्र जवळजवळ धक्का न लागता उभी राहिली. पुढच्याच वर्षी जपानने कायदा सुधारून वजनाच्या एक दशांश इतकं आडवं बळ धरून हिशोब करणं बंधनकारक केलं. गुरूची पद्धत आणि शिष्याची इमारत, दोन्ही परीक्षेत उतरली होती.

उतारवयात नाइतोंनी मनोरे उभारले. नागोया, ओसाका, सप्पोरो आणि १९५८ चा ३३३ मीटर उंच टोकियो टॉवर, हे सारे त्यांच्याच हिशोबातले. १९७० मध्ये ते वारले.

किल्लारीच्या भिंतींना एकत्र बांधून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून त्या सुटल्या आणि कोसळल्या. आता आपण काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून निर्धास्त असतो. पण २००१ च्या भूकंपात अहमदाबादला खाली पार्किंगसाठी मोकळा मजला आणि वर भिंती अशा कितीतरी इमारती खालच्या मजल्यावर बसल्या. आतल्या फळ्या काढलेली ट्रंकच ती. आपल्यातले काही जण बांधकामात आहेत, बरेच जण मुलांसाठी फ्लॅट बघत आहेत. टाइल्सचा रंग ठरवण्याआधी एवढं जरूर विचारा: भूकंपाचा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती यात आहेत का, आणि त्या पार्किंगमधून थेट पायापर्यंत जातात का?