आयदक्की लक्कम्मांचा शिधा



खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. ज्या संगमावर म. बसवेश्वरांची साधना झाली, त्याचे एक मूळ आपल्याच डोंगरात आहे. एका आषाढात आम्ही कणकुंबीस एका भक्ताच्या घरी पूर्वसूचना न देता पोहोचलो. पाऊस असा की बाजारहाट शक्य नाही. घरातील माउलीने होता तेवढा तांदूळ शिजवला, त्याला जिरे-मोहरीची फोडणी दिली आणि मिरे ठेचून आमसुलाचे सार केले. इष्टलिंगपूजा आटोपून आम्ही प्रसादास बसलो. अन्न रुचकर होते, परंतु ती माउली वाढता वाढता क्षमा मागत होती. भाजी नाही, गोड नाही, स्वामींना असे कसे वाढावे, म्हणून तिचे डोळे भरून आले. तेव्हा तिला शिवशरणी लक्कम्मांचे जे चरित्र सांगितले, तेच येथे देत आहोत.

लक्कम्मा व त्यांचे पती मारय्या हे मूळचे रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यातल्या अमरेश्वरचे. बसवेश्वरांची कीर्ती ऐकून १२ व्या शतकात हे दांपत्य कल्याणास आले. कन्नडमध्ये ‘आयु’ म्हणजे वेचणे आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. शरणांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. त्या तांदळाचा स्वयंपाक करून जंगमांना दासोह घडविणे हे लक्कम्मांचे. ‘आयदक्की’ हे उपपद त्यावरूनच दोघांना लागले.

त्याच कल्याणात थोड्याच वर्षांपूर्वी, सुमारे ११३० च्या सुमारास, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचविला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या पाकशाळेचे वर्णन आहे. उडदाच्या इड्डरिका तुपात तळून त्यांवर मिरे, जिरे व हिंग घालावे, इतका बारकावा त्यात आढळतो. मिरची त्या काळी आपल्या देशात आलेली नव्हती; ती पोर्तुगीजांच्या मागून आली. तेव्हा तिखटपणा मिऱ्याचा वा आल्याचाच. लक्कम्मांच्या चुलीवर भाताबरोबर काय शिजत असे, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. राजाच्या ताटाचे वर्णन व्हायचेच. वेचलेल्या तांदळाचा ग्रंथ कोण करणार?

पंधराव्या शतकात संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’त या दांपत्याचा प्रसंग विस्ताराने येतो. एके दिवशी मारय्या शरणांशी चर्चा करण्यात इतके रमले की, कायकाची वेळ टळून गेली. लक्कम्मांनी त्यांना त्याची आठवण करून दिली. तत्त्वचर्चा कितीही उच्च असो, घरी जंगम येणार आणि चुलीवर काही नाही, हे त्यांना मान्य नव्हते. मारय्या लगबगीने गेले आणि नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन परतले. बसवेश्वरांनीच परीक्षेसाठी जास्त तांदूळ सांडविले होते, असे परंपरा सांगते.

लक्कम्मांनी शिधा पाहताच ओळखले की हा रोजचा नव्हे. वस्तुतः पाहुण्यांसाठी चार मुठी अधिक आल्या तर कोणती गृहिणी नको म्हणेल? आम्हीही म्हणालो नसतो. परंतु लक्कम्मांच्या दृष्टीने गरजेहून अधिक आणलेले धान्य म्हणजे आशा, आणि आशेने आणलेले अन्न लिंगास अर्पण कसे करायचे? जेथून आणले तेथेच ते टाकून यावे, असे त्यांनी पतीला सांगितले. मारय्या वाद न घालता परत गेले. पत्नीचा शब्द गुरूच्या शब्दाप्रमाणे मानण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हेही आमच्या पुरुष वाचकांनी पाहावे.

पुढे बसवेश्वरांसह १,९६,००० जंगम त्यांच्या घरी प्रसादास आले आणि तेवढ्याच तांदळात सर्व तृप्त झाले, अशी कथा आहे. कीर्तनात या चमत्कारावरच भर दिला जातो. आम्हांला मात्र मारय्यांची ती परतीची फेरीच अधिक मोठी वाटते.

लक्कम्मांची सुमारे २५ वचने आज उपलब्ध आहेत. मारय्यांची मुद्रिका ‘अमरेश्वरलिंग’, तर लक्कम्मांची ‘मारय्याप्रिय अमरेश्वरलिंग’. पतीचे नाव मुद्रिकेत ठेवूनही त्या वचनांत पतीला उपदेश करतात. मनात दारिद्र्य नसेल तर दासोहाला धन लागत नाही, असा त्यांचा भाव आहे.

हे ऐकून कणकुंबीच्या त्या माउलीने डोळे पुसले आणि आम्हांस पुन्हा भात वाढला. आम्ही तो घेतला. तिच्यासाठी पातेल्यात काही उरले होते काय, हे विचारण्याचे आम्हांस परतीच्या वाटेवर सुचले.