शेतमजुराचा मुलगा कुलगुरू झाला



आज मी तुम्हाला डॉ. तोमास रिव्हेरा यांची माहिती सांगणार आहे. ते अमेरिकेत होऊन गेले. आमच्या गुरुजींनी त्यांची गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटले, हे तर आपल्यासारखेच आहे की! म्हणून मी त्यांनाच निवडले.

तोमास यांचा जन्म २२ डिसेंबर १९३५ रोजी टेक्सास राज्यातील क्रिस्टल सिटी या गावी झाला. हे गाव पालकाच्या भाजीसाठी लई प्रसिद्ध आहे. आईवडील मूळचे मेक्सिको देशातले. घरात स्पॅनिश भाषा बोलायचे. अशा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून अमेरिकेत आलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना तिकडे लॅटिनो म्हणतात.

अमेरिका म्हटले की आपल्याला उंच उंच इमारती आठवतात. पण तिथेही मजूर असतात बघा. तोमासचे आईवडील शेतमजूर होते. जिथे पीक काढायला येईल तिथे सगळे घरदार जायचे. टेक्सासहून थेट उत्तरेला आयोवा, मिनेसोटा, मिशिगन अशा राज्यांत. गुरुजींनी नकाशावर दाखवले, तर माझी वीतच पुरली नाही. क्रिस्टल सिटीचे पुष्कळ मजूर मिनेसोटात बिटाच्या शेतात राबायचे. त्या बिटापासून साखर करतात. म्हंजे आपल्याकडे ऊस तसे तिकडे बीट.

तोमासही आईवडिलांबरोबर शेतात काम करी. मजुरांची मुले शाळा सुटायच्या आधीच निघून जात आणि शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले की परत येत. मला हे चांगले समजते. तिसरीत असताना मी आईअण्णांबरोबर फडावर गेलो होतो. परत आलो तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोचला होता आणि मी गुणाकारातच होतो. त्यात तोमासला आणखी एक अडचण होती. घरची भाषा स्पॅनिश आणि शाळेची इंग्रजी. टेक्सासच्या शाळांत तेव्हा स्पॅनिश बोलायला बंदी असे.

तोमासचे आजोबा गोष्टीवेल्हाळ होते. त्यांच्यामुळे तोमासला गोष्टींचा नाद लागला. आयोवात हॅम्प्टन नावाचे गाव आहे. तिथे कामाला गेल्यावर त्याला ग्रंथालय सापडले. तिथल्या बाईंनी त्या मजुराच्या पोराला हाकलले नाही, त्याला पुस्तके वाचायला दिली. कचऱ्यात फेकलेली पुस्तके आणि मासिकेही तो गोळा करून आणी व वाची. ग्रंथालयातल्या त्या बाईंवर पॅट मोरा या लेखिकेने १९९७ मध्ये मुलांसाठी एक पुस्तक लिहिले आहे.

अकरा-बारा वर्षांचा असताना त्याच्या मोटारीला अपघात झाला. तो प्रसंग त्याने कागदावर लिहून काढला. तेव्हापासून आपण लेखक व्हायचे असे त्याने मनात धरले.

१९५४ साली तोमास हायस्कूल पास झाले. नंतर ते कॉलेजात गेले. तरी सुट्टीत शेतातले काम चालूच होते. १९५८ मध्ये त्यांनी पदवी घेतली. मग शाळेत शिक्षक झाले व मुलांना शिकवू लागले. शिकवता शिकवता स्वतःही शिकत राहिले. १९६९ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांना मिळाली. हे डॉक्टर म्हंजे सुई टोचणारे नव्हेत.

त्यांनी पुस्तके पुष्कळ वाचली. पण त्यांच्यासारख्या माणसांची गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. एकदा ग्रंथालयात हिंडताना त्यांना अमेरिको परेडेस या लेखकाचे पुस्तक सापडले. ते १९५८ मध्ये निघाले होते. त्यात टेक्सासच्या सीमेवरच्या ग्रेगोरिओ कोर्तेझ या मेक्सिकन माणसाची हकीकत होती. तेव्हा त्यांना कळले की आपल्या माणसांवरही पुस्तक होऊ शकते.

मग त्यांनी स्वतः तसे पुस्तक लिहिले. ते १९७१ मध्ये छापून आले. ते त्यांनी इंग्रजीत नव्हे, आपल्या आईच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ, जमिनीने त्याला गिळले नाही. त्यात मजुरांच्या एका मुलाची गोष्ट आहे. एका प्रकरणात उन्हात राबणारा छोटा मुलगा तहान लागली म्हणून पाणी प्यायला जातो. मालक त्याला भीती दाखवायला गोळी झाडतो आणि ती त्याला लागते. हे ऐकून आमचा सगळा वर्ग गप्प बसला होता. या पुस्तकाला मोठे बक्षीस मिळाले. आज ते कॉलेजात अभ्यासाला असते.

पुढे ते प्राध्यापक झाले. १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेचे ते प्रमुख झाले. आपल्याकडे कुलगुरू असतात तसे ते पद. त्या विद्यापीठात हे पद मिळालेले ते पहिलेच मेक्सिकन वंशाचे गृहस्थ. लॅटिनो मुलांनी कॉलेजात यावे म्हणून त्यांनी खूप खटपट केली. १६ मे १९८४ रोजी हृदयविकाराने ते वारले. तेव्हा त्यांचे वय फक्त ४८ वर्षे होते.

रिव्हरसाइडच्या मोठ्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले आहे. जो मुलगा कचऱ्यातून पुस्तके आणायचा, त्याच्या नावाचे ग्रंथालय! आणि क्रिस्टल सिटीत त्यांच्या नावाची प्राथमिक शाळाही आहे.

या गोष्टीवरून मला असे वाटते की तोमास हुशार होते हे खरे, पण त्यांना पुस्तक देणारेही कुणीतरी भेटले. आमच्या वर्गातही हुशार पोरे आहेत. दिवाळी झाली की त्यांच्या जागा रिकाम्या होतात.

पालकांनो, आज माझे अण्णा शाळेत येणार आहेत. त्यांना वाचता येत नाही. तुम्ही शेजारी उभे असाल तर हा शेवटचा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. अण्णा, यंदा मला आजीजवळ ठेवा. मी चौथी पूर्ण करतो. आणि न्यायचेच असेल तर गुरुजी पुस्तकपेटीतली चार पुस्तके देतो म्हणाले आहेत. तेवढी गाडीत घेऊ द्या.

डॉ. तोमास रिव्हेरा यांना माझे विनम्र अभिवादन.

इयत्ता ४ थी