साठीनंतरचे अण्णा

हल्ली तरुण मंडळी आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी करतात. परदेश पाहायचा, डोंगर चढायचा, अमुक वयात निवृत्त व्हायचे. चांगलेच आहे. पण अशी यादी आपल्यासारख्या पेन्शनरांनीही करावी का, हा प्रश्न पडला की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. त्यांचे चरित्र शाळेत सगळ्यांनीच वाचलेले असते, पण ते बहुधा हिंगण्यापाशी संपते. मला सांगायचे आहे ते त्यापुढचे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. कुटुंब कोकणातल्या मुरुडचे, परिस्थिती बेताची. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले, तर वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही! मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. म्हणजे सुरुवात उशिराचीच. उशीर झाला म्हणून अडून बसायचे नाही, ही सवय तिथूनच लागली असावी.

१८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. दोन वर्षांनी त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडकरांनी बहिष्कार टाकला. त्याची झळ अण्णांच्या आईला आणि भावंडांना बसली, हे विसरता कामा नये. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे तो हिंगण्याला गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा तिथे पायी जात. पैन् पैचा हिशेब ठेवत. सारी हयात खातेवह्यांत गेलेल्या माझ्यासारख्याला याचे फार अप्रूप वाटते.

१९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन्न. इथे आपल्यापैकी बहुतेकांची यादी संपते. अण्णांच्या हातात जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ काढले. कॉलेजात पहिल्या विद्यार्थिनी किती? पाच! पुढे ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे ते एस. एन. डी. टी. म्हणून नावारूपाला आले.

सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, ते जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप झाला, अमेरिका झाली. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट झाली. ज्या जपानच्या पुस्तिकेने कल्पना दिली, तो जपानही पाहिला. परत येऊन थोडी उसंत घेतली, की लगेच आफ्रिका. पण ही नुसती सहल नव्हती. जातील तिथे विद्यापीठाविषयी बोलायचे आणि निधी गोळा करायचा.

१९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. जिथे शाळाच नाही अशा गावी शाळा निघावी म्हणून स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून पैसे घातले, वर्गणीसाठी दारोदार हिंडले. शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ मध्ये, जातिभेद मोडण्यासाठी समता संघ स्थापला. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

एक मात्र सांगितलेच पाहिजे. या सगळ्याची किंमत घरानेही मोजली. पैसा संस्थेकडे वळला, संसाराची ओढाताण गोदूबाईंनी, म्हणजे बायांनी, सोसली. शिवाय त्या स्वतः आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे. एकाच्या ध्येयामागे घरातल्या दुसऱ्या माणसाचे कष्ट असतात, हे त्यातून कळते. म्हणून यादी करताना घरच्यांना विचारून करावी, असे माझे मत.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. रहायला आलो तेव्हा नोकरीत असलेले आम्ही आता बाकावर बसतो. विद्यापीठ काढणे आपल्याला जमायचे नाही, ते मान्य. पण कामवाल्या बाईंच्या मुलाला गणित शिकवणे, एखाद्या शाळेला दरमहा ठरावीक रक्कम देणे, राहून गेलेली परीक्षा देणे, हे काही अवघड नाही. अण्णांच्या हिशेबाने पाहिले तर आपल्यातले कितीतरी जण अजून महिला विद्यापीठापर्यंतसुद्धा पोहोचलेले नाहीत. वेळ आहे. सुरुवात करायला हवी, एवढेच.