गोदूताईंची पदवी

पदवीधर मुलगी नोकरीला लागली की घरोघरी पेढे वाटले जातात. तिच्याच वर्गातल्या मुलाला पहिला पगार किती मिळाला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कासा-तलासरीच्या बाजूला गेले की हा प्रश्न मला हटकून आठवतो. कारण इथे येऊन राहिलेल्या एका पदवीधर मुलीने कामाच्या मोलाचाच हिशेब मांडला होता.

गोदावरी गोखले १९०७ साली पुण्यात जन्मल्या. वडील नामांकित वकील. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्या कायदा शिकल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा-पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. घरची वकिली चालती होती, नुसता काळा कोट चढवायचा होता. तो त्यांनी चढवला नाही. सत्याग्रहात तुरुंग पाहिला आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. तिथे कमाईवर पाणी सोडून निर्वाहापुरते घ्यायचे. १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाह झाला आणि १९४५ साली दोघे वारल्यांत आले.

इथे त्यांनी लग्नगडी पाहिले. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे राबायचे. कर्ज नवऱ्याच्या नावावर. पण राबायला बायकोही. तिच्या श्रमाला वेगळा आकडाच नव्हता, तो नवऱ्याच्या खात्यात बुडायचा. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि रोज बारा आणे रोख मजुरीखेरीज जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे ठरले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. तरी माघार नव्हती. ही सारी कथा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्यांनी १९७० साली लिहिली.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. बँकेत आमची वेतनश्रेणी बाई-पुरुषांना एकच होती, हे खरे. पण बढती म्हणजे बदली, आणि लेकुरवाळ्या बाया ती नाकारत. काही वर्षांत एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांच्या पगारपत्रकात मोठे अंतर पडे. २०२३ साली नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या पदवीधरांबद्दल हेच दाखवले: सुरुवातीला फरक थोडा, मूल झाल्यावर तो फाकतो. लग्नगड्याच्या बायकोसारखाच हाही न मांडलेला हिशेब.

गोदूताई १९९६ साली गेल्या. तलासरीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. तिथून आता आदिवासी घरांतल्या मुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि आपापले पहिले नेमणूकपत्र उघडतात.