वकीलपत्र कोणाचे, बाकडे कोणाचे?

चळवळीत येऊ पाहणारे तरुण वकील भेटले की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. वकिली सोडून पूर्णवेळ कार्यकर्ता व्हावे काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी म्हातारे आईवडील असतात, डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते आणि मनात समाजाविषयी प्रामाणिक तळमळ असते. अशा वेळी आम्ही सरळ होय किंवा नाही असे उत्तर देत नाही. एका अमेरिकन वकिलाची हकिकत सांगतो. हा माणूस वकिली सोडून ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. त्याचा धर्म आमचा नव्हे. परंतु ज्या गुलामगिरीविरोधी लढ्याचे मोल महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखले, त्या लढ्याच्या इतिहासात त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

चार्ल्स ग्रँडिसन फिनी यांचा जन्म 29 ऑगस्ट 1792 रोजी कनेक्टिकट राज्यातील वॉरेन या गावी झाला. त्यांच्या लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या तेव्हाच्या आडरानात जाऊन वसले. तरुणपणी त्यांनी काही काळ शाळामास्तरकी केली. पुढे 1818 साली अ‍ॅडम्स या गावी बेंजामिन राइट या वकिलाच्या कचेरीत ते उमेदवारीला लागले. त्या काळी कायदा असाच शिकला जाई. कायद्याच्या पुस्तकांत जागोजागी मोझेसच्या नियमशास्त्राचे दाखले येत. ते मुळातून तपासावेत म्हणून फिनी यांनी बायबल विकत घेतले. म्हणजे धर्मग्रंथ त्यांच्या हाती आला तो भक्तीपोटी नव्हे, वकिलाच्या शोधक वृत्तीपोटी, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

गावच्या चर्चमध्ये ते गायकवृंद चालवीत, पण तेथील उपदेश त्यांना पटत नसे. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे, अशी ती शिकवण होती. 10 ऑक्टोबर 1821 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते गावाबाहेरच्या रानात एकटेच प्रार्थनेला गेले आणि बदलून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक अशील कचेरीत आला. तो स्वतः चर्चचा डीकन होता आणि दहा वाजता त्याचा खटला होता. फिनी यांनी त्याला सांगितले की, आपण आता येशू ख्रिस्ताचे वकीलपत्र घेतले असून तुमचा खटला आपल्याला चालविता येणार नाही. डीकन खजील झाला आणि त्याने प्रतिपक्षाशी समेट करून टाकला. ऐन तारखेला वकीलपत्र सोडणे आमच्या व्यवसायात चांगले मानले जात नाही, परंतु फिनी पुन्हा वकिलीकडे वळले नाहीत. 1824 साली त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली.

त्यांनी वकिली सोडली, वकिलाची रीत मात्र सोडली नाही. प्रवचन लिहून आणून वाचण्याची प्रथा त्यांनी झुगारली. ज्यूरीपुढे उभे राहावे तसे ते श्रोत्यांपुढे उभे राहत, साध्या भाषेत मुद्दा मांडत आणि आजच निकाल द्या असे बजावत. त्यांच्या संजीवन सभांत स्त्रिया पुरुषांसमोर उघडपणे प्रार्थना करीत, याचा सनातनी पाळकांना मोठा राग होता. 1830-31 मध्ये रॉचेस्टर शहरात सहा महिने त्यांच्या सभा चालल्या. ज्याला पश्चात्ताप झाला त्याने सर्वांसमक्ष पुढच्या बाकड्यावर येऊन बसावे, हा पायंडा त्यांनी तेथे पाडला.

माणसाचे भवितव्य आधीच ठरलेले नाही, तो आज, आत्ता बदलू शकतो, हे त्यांच्या उपदेशाचे सार होते. जन्माने लिहिलेले पुसता येत नाही असे शतकानुशतके ज्यांना सांगितले गेले, त्यांना या वाक्यातील ठिणगी समजावून सांगण्याची गरज नाही. पाप आज सोडता येते, तर गुलामांचा मालक उद्याची मुदत कशासाठी मागतो? हा प्रश्न त्यांच्या अनुयायांनी पुढे रेटला. न्यूयॉर्कमध्ये लुइस आणि आर्थर टॅपन या व्यापारी बंधूंनी चॅटहॅम स्ट्रीटवरील एक नाटकगृह घेऊन 1832 साली त्यांच्यासाठी प्रार्थनामंदिर केले. तेथे फिनी यांनी गुलामांच्या मालकांना प्रभुभोजनात सहभागी करून घेण्यास नकार दिला. एक प्रकारे तो त्यांच्यावर घातलेला बहिष्कारच होता.

परंतु चरित्र म्हणजे आरती नव्हे. त्याच प्रार्थनामंदिरात काळ्या भाविकांची बसण्याची जागा वेगळी होती. लुइस टॅपन यांना ती पद्धत मोडायची होती. फिनी यांनी विरोध केला. गुलामगिरी हे पाप आहे असे ते मानत, पण काळ्या-गोऱ्यांनी शेजारी बसावे की नाही, हा त्यांच्या लेखी तितका तातडीचा प्रश्न नव्हता. पापी माणसासाठी पुढचे बाकडे राखून ठेवणाऱ्या या धर्मोपदेशकाला काळ्या माणसाला शेजारचे बाकडे देता आले नाही! साखळी तोडायची आणि पंगत वेगळी ठेवायची, हा सुधारकी बाणा आम्हाला नवा नाही. 1836 साली तर आपल्या विद्यार्थ्यांनी गुलामगिरीविरोधी व्याख्याने देत फिरण्यापेक्षा धर्मजागृतीचे काम करावे, असे ते सांगू लागले. केवळ मुक्तीचे आंदोलन पेटले तर देशात यादवी माजेल, अशी भीती त्यांना वाटत होती. 1861 साली यादवी युद्ध झालेच. पण ते गुलामगिरीमुळे झाले, तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यांमुळे नव्हे.

मग असा माणूस आठवायचा कशासाठी? त्याचे उत्तर ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे आहे. सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत 1834 साली विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर अठरा रात्री वादविवाद केला. पुढाकार होता थिओडोर वेल्ड यांचा, जे फिनी यांच्याच प्रभावाने धर्मकार्यात आले होते. विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या संघटनेवर बंदी घातली, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थी बाहेर पडले. 1833 साली स्थापन झालेले ओबर्लिन कॉलेज त्यांना घेण्यास तयार झाले. काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश आणि ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून फिनी, या त्यातील प्रमुख अटी होत्या. 1835 साली विश्वस्तांची मते समसमान पडली आणि अध्यक्ष जॉन कीप यांच्या निर्णायक मताने दार उघडले.

त्या दारातून कोण आले ते पाहा. 1841 साली तीन स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळाली. 1862 साली मेरी जेन पॅटरसन ही बी.ए. झालेली अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. आणि जॉन मर्सर लँगस्टन! या काळ्या तरुणाला वकील व्हायचे होते, पण कायद्याच्या शाळांनी त्याला रंगामुळे नाकारले. त्याने फिनी शिकवीत असलेल्या ओबर्लिनमध्ये ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पुरा केला, मग एका वकिलाकडे कायदा शिकून 1854 साली सनद मिळविली. पुढे हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचा तो पहिला डीन झाला. त्याचा भाऊ चार्ल्स लँगस्टन याने 1858 साली जॉन प्राइस या पळून आलेल्या गुलामाला पकडणाऱ्यांच्या हातून सोडविण्यात भाग घेतला. 37 जणांवर आरोप ठेवले गेले. दोषी ठरलेल्या दोघांत तो एक होता. गुलामाला परत द्या असे सांगणारा 1850 चा कायदा त्या गावाने मानला नाही.

गोऱ्या फिनी यांच्यासाठी वकिली ही सोडून देण्याजोगी गोष्ट होती. काळ्या लँगस्टनसाठी ती लढून मिळविण्याची गोष्ट होती. ज्याच्या हाती असते तोच त्याग करू शकतो, हे त्यागाचे गोडवे गाणारे विसरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदा सोडला नाही. महाडच्या चवदार तळ्याचा दावा लढला गेला आणि 1937 साली उच्च न्यायालयातून त्याचा निकाल आपल्या बाजूने लागला.

फिनी 1851 पासून सुमारे पंधरा वर्षे ओबर्लिनचे अध्यक्ष होते. 16 ऑगस्ट 1875 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, 1873 साली, जोतीरावांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला अर्पण केला. त्या जनतेत फिनी होते, आणि बाकडी एक करा म्हणून त्यांच्याशी भांडलेले टॅपनही होते.

म्हणून तरुण वकील मित्रांना आमचे सांगणे एवढेच की, व्यवसाय सोडला की ठेवला, हा हिशेब दुय्यम आहे. वकीलपत्र कोणाचे घेतले, आणि आपल्या शेजारच्या बाकड्यावर कोणाला बसू दिले, हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. फिनी यांनी पहिल्याचे उत्तर एका सकाळीच दिले. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र ते कमी पडले, आणि ते पुरे करण्याचे काम त्यांच्या विद्यार्थ्यांवर पडले. आमच्या चळवळीतही पोटजातींची बाकडी अजून उचललेली नाहीत. ते काम आपण पुढच्या पिढीवर ढकलू नये.